पुडीत काय निघालं, ते पोलिस ठरवत नाहीत

अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या गुंगी आणणाऱ्या द्रव्यांच्या, साथीचा विषय निघाला की एक दावा हमखास समोर येतो. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून भराभर पुढेही जातो. तो असा: "न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे आकडे म्हणजे पोलिसांच्या कामाचे आकडे. धाडी वाढल्या की नमुने वाढतात, थंडावल्या की घटतात. शिवाय ते उशिरा येतात, सगळीकडून येत नाहीत, लॅबवाल्यांचा भरवसा नाही, आणि मृत्यूंचे आकडे असताना त्यांची गरजच काय?" यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. त्याच्या आडोशानं बाकीचं खपून जातं.

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. डीईए, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय अमली पदार्थविरोधी यंत्रणा, 1997 पासून 'एनफ्लिस' नावाची नोंदव्यवस्था चालवते. पोलिसांनी पकडलेला माल राज्यांच्या आणि शहरांच्या प्रयोगशाळांत जातो, तिथे त्यातलं रसायन ओळखलं जातं आणि निष्कर्ष एका ठिकाणी जमा होतात. प्रत्यक्ष काम पाहते आरटीआय इंटरनॅशनल नावाची नॉर्थ कॅरोलायनातली संस्था. (आपल्या माहितीच्या अधिकाराशी तिचा काही संबंध नाही.)

"हे तर पोलिसांच्या धाडींचे आकडे"

एकूण नमुन्यांच्या बाबतीत, हो. डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेत हेंप, म्हणजे गांजाचंच पण नशा न आणणारं रोप, कायदेशीर झालं. मग हा पाला हेंप की गांजा हे ठरवण्याची कटकट प्रयोगशाळांमागे लागली आणि गांजाच्या नोंदी घसरल्या. लोकांनी गांजा सोडला म्हणून काही त्या घसरल्या नाहीत. 2020 मध्ये कोविडमुळे पोलिस आणि लॅब दोन्ही मंदावले, एकूण नोंदी खाली आल्या; त्याच वर्षी ओव्हरडोसचे मृत्यू 70,630 वरून 91,799 वर गेले. नुसते नमुने मोजून व्यसनाचा आलेख काढणाऱ्याचं तोंड यात चांगलंच पोळेल.

पण शहाणा माणूस नमुने मोजत बसत नाही. अन्न निरीक्षकानं दुधाचे नमुने किती उचलले, हे त्याच्या उत्साहावर ठरतं. त्या दुधात युरिया निघाला की नाही, हे त्याच्या उत्साहावर ठरत नाही. इथेही पाहायचा तो वाटा: ओपिऑइडच्या शंभर नोंदींत हेरॉइनच्या किती आणि फेंटॅनिलच्या, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी जहाल अशा कृत्रिम ओपिऑइडच्या, किती. पुडी उघडेपर्यंत आत काय आहे ते पकडणाऱ्या पोलिसाला ठाऊक नसतं. विकत घेणाऱ्यालाही नसतं, आणि अनेक माणसं मेली ती त्यामुळेच. पोलिसांचा रोख बदलला तर वाटाही थोडा हलतो, हे मान्य. पण एकाच गल्लीतल्या, एकाच विक्रेत्याच्या पांढऱ्या पुडीत दोन वर्षांत हेरॉइनच्या जागी फेंटॅनिल येऊ लागलं, तर ते श्रेय धाडीला देता येत नाही.

याचा उपयोग कसा होतो ते ओरेगनमध्ये दिसलं. फेब्रुवारी 2021 पासून त्या राज्यात स्वतःपुरते ड्रग्ज बाळगणं गुन्हा राहिला नाही. पुढे ओव्हरडोसचे मृत्यू वाढले आणि दोष या कायद्यावर आला. काही अभ्यासांनी तसा निष्कर्षही काढला. मात्र नेमक्या त्याच काळात फेंटॅनिल पश्चिमेकडे पोचत होतं. पूर्वेकडचं हेरॉइन पांढरी पूड, त्यात ते सहज मिसळलं गेलं. पश्चिमेकडे डांबरासारखं काळं हेरॉइन चालायचं, म्हणून तिथे ते उशिरा शिरलं. 2024 मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं एनफ्लिसच्या नोंदींवरून कोणत्या राज्यात फेंटॅनिल कधी पसरलं ते मोजलं आणि हिशेबात धरलं. मग कायदा आणि मृत्यू यांचा संबंध दिसेनासा झाला. तोवर राजकारण पुढे निघून गेलं होतं: 1 सप्टेंबर 2024 पासून तिथे बाळगणं पुन्हा गुन्हा आहे. कायदा चांगला की वाईट, हा वेगळा वाद. पण 'पोलिसांचे' म्हणून हिणवलेले आकडे इथे पोलिसांनी कमी पकडायचं ठरवलेल्या राज्यातही कामी आले.

"मृत्यूंचे आकडे आहेत की"

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो इतिहास विसरून केलेला असतो.

मृत्यूच्या दाखल्यावरून जे आंतरराष्ट्रीय संकेतांक दिले जातात त्यात टी-40.4 असा एक आहे. मेथाडोन सोडून बाकीचे कृत्रिम ओपिऑइड त्यात एकत्र कोंबलेले असतात. फेंटॅनिल त्यातच, ट्रामाडॉलही त्यातच. एक चिमूटभर पुरेसं होणारं विष आणि औषधाच्या दुकानातली दुखण्यावरची गोळी एकाच खणात. त्यातही फेंटॅनिल रुग्णालयातल्या पट्टीतून आलं की चोरट्या कारखान्यातून, हे संकेतांक सांगत नाही.

आणि बाकीचे पहारेकरी कुठे होते? इमर्जन्सी विभागांतल्या ड्रग्जच्या केसेस मोजणारी डॉन ही व्यवस्था 2011 नंतर बंद पडली होती. अटक झालेल्यांची लघवी तपासणारा अ‍ॅडम हा कार्यक्रम 2013 नंतर संपला. घरोघरी जाऊन ड्रग्जबद्दल विचारणाऱ्या राष्ट्रीय पाहणीत चोरट्या फेंटॅनिलचे प्रश्न आले ते थेट 2022 मध्ये. म्हणजे 2013-14 मध्ये फेंटॅनिल बाजारात घुसत होतं तेव्हा दारावर जागं होतं ते प्रयोगशाळेतलं यंत्र.

सीडीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेनं, ऑगस्ट 2016 मध्ये प्रयोगशाळांचे आणि मृत्यूंचे आकडे शेजारी ठेवले. 2013 ते 2014 या एका वर्षात फेंटॅनिलच्या नोंदी 1,015 वरून 5,343 वर, कृत्रिम ओपिऑइडचे मृत्यू 3,105 वरून 5,544 वर. डॉक्टरांनी फेंटॅनिल लिहून देण्याचं प्रमाण मात्र जवळपास स्थिर. ही चिठ्ठीवर मिळणारी औषधं नव्हेत, हे त्यातून कळलं. मृत्यूंच्या नुसत्या बेरजेतून ते कधीच कळलं नसतं.

"उशिरा येतात"

येतात. मार्च 2015 मध्ये डीईएनं 2014 सालचा आकडा 3,344 सांगितला होता, सीडीसीनं पुढच्या वर्षी सांगितला 5,343. साल तेच. ताज्या आकड्यावर 'घट झाली हो' म्हणून नाचू नये ते याचसाठी. पण उशीर कोणाच्या तुलनेत? डीईएचा फेंटॅनिलबद्दलचा देशव्यापी इशारा 18 मार्च 2015 चा, त्याच अपुऱ्या 3,344 वर आधारलेला. 2014 च्या मृत्यूंचे अंतिम आकडे आले डिसेंबरमध्ये. नऊ महिने.

"सगळ्या लॅब नाहीत" आणि "लॅबवाल्यांचा भरवसा नाही"

पन्नासही राज्यांच्या यंत्रणा आणि शंभराहून अधिक स्थानिक प्रयोगशाळा यात आहेत. 'सगळ्या नाहीत' हा मुद्दा वीस वर्षांपूर्वी बरा होता.

भरवशाचं म्हणाल तर मॅसॅच्युसेट्समधला घोटाळा मी नाकारणार नाही. तिथल्या एका सरकारी प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ चाचणी न करताच निकाल लिहायची. 2017 मध्ये 21 हजारांहून जास्त खटले त्यामुळे रद्द झाले. एकेका आरोपीसाठी हे भयंकर होतं. पण हेरॉइनच्या जागी फेंटॅनिल आलं हे मेन, ओहायो, केंटकी, फ्लोरिडा अशा अनेक राज्यांत दिसलं, आणि तिथल्या प्रयोगशाळांचा एकमेकींशी संबंध नाही. एका खोटारड्या हातानं इतक्या राज्यांत तोच कल उमटत नाही.

दावा करणाऱ्यांनी खऱ्या उणिवा मात्र सोडल्याच आहेत. पुडीत काय आहे हे बहुतेक वेळा कळतं, किती आहे हे कळत नाही. खटल्याला तेवढं पुरतं. दुसरं म्हणजे, कायद्यानं नियंत्रित नसलेला पदार्थ नोंदवायची सक्ती नसेल तर तो सुटून जातो. जनावरांना गुंगी देणारं झायलझीन असंच बराच काळ कडेकडेनं वावरलं. ओपिऑइडवरचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन दिलं तरी झायलझीनची गुंगी उतरत नाही, कारण ते ओपिऑइडच नव्हे. 2022 मध्ये डीईएनं पकडलेल्या फेंटॅनिलच्या भुकटीपैकी सुमारे 23 टक्क्यांत आणि गोळ्यांपैकी 7 टक्क्यांत ते होतं, आणि एप्रिल 2023 मध्ये या मिश्रणाला अधिकृतपणे 'उदयोन्मुख धोका' ठरवलं गेलं. प्रमाण मोजलं तर काय दिसतं तेही बघा: डीईएनं तपासलेल्या बनावट गोळ्यांत 2 मिलिग्रॅम (जीव घेऊ शकेल इतकं) किंवा जास्त फेंटॅनिल असलेल्या 2023 मध्ये दहात सात होत्या, 2024 मध्ये दहात पाच. त्याच वर्षी ओव्हरडोसचे एकूण मृत्यू साधारण 1 लाख 5 हजारांवरून 80 हजारांच्या घरात आले. नॅलॉक्सोनमुळे, उपचारांमुळे, की मालच पातळ झाल्यामुळे, हा वाद चालू आहे. त्यातल्या तिसऱ्या शक्यतेबद्दल बोलायला पुरावा प्रयोगशाळेतूनच येतो.

आपल्याकडे हा दावा पुढे ढकलणाऱ्यांची मला जास्त गंमत वाटते. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात ओपिऑइड वापरणारे सुमारे 2 कोटी 26 लाख निघाले. इथे माल पकडला की बातमी येते ती किलोत आणि कोटींत. मुद्देमाल मुंबईतल्या कलिन्याच्या किंवा दुसऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला जातो, काही महिन्यांनी सीए, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट येतो, तो दोषारोपपत्राला जोडला जातो आणि खटल्याच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. पुडीत काय निघालं ते न्यायाधीश वाचतात, दोन्हीकडचे वकील वाचतात.