ओटीपी घेतला अन् तक्रार बंद

नेट बंद असल्याची तक्रार टाकली होती, म्हणून आज दुपारी नेटवाला पोरगा आला, माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट दिसलं, अन् राउटरला हात न लावताच म्हणे, "भाऊ, हे काय टाकून ठेवलं? विंडोज टाका ना, मंग चालते नेट."

मी त्याला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून दाखवून राहिलो. ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे हाक, जाते, उत्तर येते. साइटचं नाव टाकलं की 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन', म्हणजे नावाचा पत्ता सापडत नाही. डिग ही पत्ता विचारायची कमांड लावून १.१.१.१ या बाहेरच्या सर्व्हरला विचारलं तर पत्ता लगेच मिळते, राउटरने दिलेल्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारलं तर टाइमआउट. मेला आहे तो तुमचा डीएनएस! याहून सरळ पुरावा कोणता द्यायचा? आईचा फोन त्याच वायफायवर, त्यातही काही उघडत नव्हतं. तिथं कोणतं विंडोज टाकू? अन् लिनक्सचं एवढं वावडं असेल तर अँड्रॉइडमध्ये त्याचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, घरोघरी बसवलेल्या बहुतेक राउटरमध्येही तेच आहे. काढून न्या मग सगळं.

तर या पठ्ठ्याने स्वतःचा फोन काढला, स्पीड टेस्ट लावली, "पाहा, मस्त चालून राहिलं." वर कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही! स्वतःच्या सिमचा डेटा दाखवून मला सांगून राहिला की तुमची लाइन ठीक आहे. जाताना आईला गोड आवाजात, "काकू, एक नंबर आला असंल, सांगता का?" तिनं सांगितला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत मला मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कशाचं निवारण? कोणी केलं? एक बटन तरी दाबलं का?

माझ्या लॅपटॉपवर मी डीएनएस बदलून घेतला, माझं चालते. घरातल्या बाकीच्यांचं काय? राउटरमध्ये एका जागी बदललं की सगळ्यांचं भागते, पण ॲडमिनचा पासवर्ड कंपनी देत नाही. महिन्याचे पैसे आमचे, वीज आमची, भिंत आमची, अन् पासवर्ड यांचा.

पावसाळ्यात नाल्यापाशी जेसीबीनं फायबर तोडली होती. राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा जळून राहिला, अन् फोनवरची बाई म्हणते, "सर, कंट्रोल पॅनल ओपन कीजिए." अहो, फायबरमधून उजेडच येत नाही तर माझं कंट्रोल पॅनल काय करंल? मराठीत बोला म्हटलं तर होल्डवर टाकलं. मग कोणीतरी येऊन टेप गुंडाळून जोड मारून गेलं, तो आजवर तसाच. राउटरच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या उजेडाची पॉवर उणे २८ डीबीएम दिसते. जीपॉनच्या, म्हणजे अशा फायबर नेटच्या, नेहमीच्या उपकरणाची हद्द उणे २७, म्हणजे उजेड त्याहूनही कमी. त्यात वानरं केबलवर झुलली की नेट गेलंच. भावाला पीकविम्याचा फॉर्म भरायला दारव्ह्याला जावं लागलं, अख्खा दिवस गेला, मजूर वावरात वाट पाहत बसले.

अन् गावातले शहाणे मलाच विचारतात, खेड्यात लिनक्स कायले पाहिजे? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, या जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही. नवा कोण घेऊन देते? मिंटवर हा लॅपटॉप झकास चालते, अन् बिघाड कुठं आहे ते दाखवतेही. दाखवलेलं पाहायला कोणी तयार नाही, हे दुखणं आहे.

नवी तक्रार टाकली. त्यात लिहिलं की येणाऱ्यानं पॉवर मीटर आणावा, नाल्याजवळचा जोड मशीननं पुन्हा करावा, राउटरमधला डीएनएस बदलावा. अन् आईला सांगून ठेवलं, मी 'हो' म्हटल्याशिवाय कोणालाही नंबर द्यायचा नाही.