विंडोज ११ साठी ‘कोणतीही आयएसओ’ चालत नाही

‘विंडोज १० बंद झालं. खालच्या लिंकवरून २ जीबीची लाइट आयएसओ घ्या, अँटिव्हायरस बंद करा, पेनड्राइव्हवरून बूट करा आणि नेक्स्ट-नेक्स्ट करत जा. फाइली, प्रोग्राम सगळं जागेवर राहतं. भाषा, एडिशन कुठलीही चालते, जुन्या मशीनवरही चालतं.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मामांपर्यंत पोचला. (आयएसओ म्हणजे विंडोजचं अख्खं इन्स्टॉलेशन सामावलेली एकच फाइल.) मामांचं डीटीपीचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, आणि त्यातल्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी आता कुठे मिळायची नाही. मामा पेनड्राइव्ह तयार करून बसले होते!

आधी हा बूटचा प्रकार. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला की तुमचं विंडोज चालूच नसतं, त्यामुळे सेटअपला तुमचे प्रोग्राम राखून अपग्रेड करताच येत नाही. त्या वाटेने होतं ते नवं इन्स्टॉलेशन. विंडोज ११ च्या नव्या सेटअपमध्ये तर फाइली, अ‍ॅप, सेटिंग सगळं पुसलं जाईल हे मान्य असल्याची खूण करावी लागते, आणि नेक्स्ट-नेक्स्टच्या नादात माणूस तीही करून टाकतो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, फॉरमॅट केलं नाही तर जुन्या फाइली ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये सापडतात, एवढं त्या मेसेजच्या बाजूने मान्य करतो. पण प्रोग्राम त्यातून उचलून चालवता येत नाहीत. मामांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर गेलं म्हणजे गेलंच.

खरी पद्धत मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ डाउनलोडच्या पानावरच लिहिलेली आहे. चालू विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून माउंट करा, म्हणजे ती सीडीसारखी उघडते, आणि आतली सेटअप फाइल चालवा. काय ठेवायचं हे तिथे विचारलं जातं: फाइली आणि अ‍ॅप, फक्त फाइली, की काहीच नाही. पहिला पर्याय फिका दिसला, निवडता येत नसला, तर तिथेच थांबा. इमेज, म्हणजे ती आयएसओ, चुकलेली आहे.

ती बहुतेक वेळा भाषेत चुकते. ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ या सेटअपच्या लेखी दोन वेगळ्या भाषा आहेत. विंडोज मुळात ज्या भाषेत टाकलंय तीच घ्यावी लागते. मराठी कीबोर्ड किंवा मराठी मेनू वरून जोडलेले असतात, त्यांच्यावरून ठरवू नका. एडिशनचं म्हणाल तर नेहमीच्या आयएसओत होम आणि प्रो दोन्ही असतात, पण होमवर एंटरप्राइजची इमेज घेऊन अ‍ॅप राखता येत नाहीत. आणि तुमचं विंडोज १० बत्तीस बिटचं असेल तर जागच्या जागी अपग्रेडचा विषयच संपला, कारण विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटमध्ये येतं.

आता ती ‘लाइट’ आयएसओ. मूळ इमेज ५ जीबीच्या वर असते. मग कमी केलेले ३ जीबी कुणी काढले, त्यात विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, गेला का, आणि बदल्यात आत काय घातलं? हे कळायला काही मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टच्या पानावर प्रत्येक भाषेच्या आयएसओचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड, दिलेला आहे. विंडोजमधल्या पॉवरशेल या आज्ञा टाइप करायच्या प्रोग्राममधल्या ‘गेट-फाइलहॅश’ आज्ञेने आपल्या फाइलचा हॅश काढून जुळवता येतो. कुणीतरी कापून जोडलेल्या इमेजचा हॅश त्याच्याशी जुळणार नाही. वर अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा माणूस तुमच्या घराची किल्ली मागतोय, आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅन स्कॅन केलेले असतात. लिंक पुढे पाठवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

विंडोज १० ‘बंद’ही झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा मोफत सपोर्ट संपला. कॉम्प्युटर चालूच राहतो, थांबतात ते सुरक्षा अपडेट.

जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवता येतं, हे अर्धं खरं आहे. टीपीएम २.० या विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा चिपची तपासणी चुकवण्याच्या युक्त्या आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा विंडोज १० ठेवून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि त्यासाठी कुठलीही आयएसओ लागत नाही.