प्रतिक्रियेला उत्तर : लिग्नाइट म्हणजे चहापत्ती नव्हे

सर, नमस्कार. लिग्नाइट (तपकिरी, कच्चा कोळसा) द्रावकात ठेवला की त्याची रचनाच बदलते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, द्रावक कोळशातला विरघळणारा भाग तेवढा बाहेर काढतो, चहापत्तीतून अर्क उतरावा तसा; मागे उरलेल्याची रचना बदलत नाही. दोन, मी पुरावा म्हणून दाखवलेला इन्फ्रारेड आलेख (कोणते रासायनिक गट आहेत हे पट्ट्यांवरून दाखवणारा) भरवशाचा नाही.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय. मी वापरलेलं उदाहरण एनएमपी या द्रावकाचं होतं. त्याच्या रेणूतच कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) असतो आणि त्याचा पट्टा आलेखावर १६८० सेमी⁻¹च्या आसपास उमटतो. वर हे द्रावक लिग्नाइटला असं धरून बसतं की धुऊन, निर्वातात तापवूनही थोडं मागे राहतंच. मग वाढलेला पट्टा कोळशाचा की द्रावकाचा? एनएमपीत नायट्रोजन असतो, त्यामुळे आधी आणि नंतर कोळशातला नायट्रोजन मोजल्याशिवाय बोलायला नको होतं. लेखात दुरुस्ती टाकलीय.

चहापत्ती मात्र मान्य नाही. परीक्षानळीत लिग्नाइटची पूड घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून थर बसवा, पट्टीने उंची मोजा. पिरिडीन हे द्रावक ओता, ढवळा, एक दिवस ठेवा, पुन्हा फिरवा. थर दीडपट, कधी दुप्पट भरतो. आतलं काही नुसतं बाहेर गेलं असतं तर थर खाली बसायला हवा होता की ओ! लिग्नाइटमध्ये ऑक्सिजन भरपूर. कार्बोक्सिल आणि फिनॉल हे त्यातले ऑक्सिजनवाले गट एकमेकांना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे सैल पकडीने, धरून असतात. पिरिडीन मध्ये शिरून ती पकड सोडवतं. कार्बनची साखळी तुटत नाही, इथे तुमचं बरोबर. पण इस्त्रीवाला सुती सदऱ्यावर पाणी शिंपडतो तेव्हा तरी कुठे धागा तुटतो? सेल्युलोजमधले हायड्रोजन बंध सुटतात, गरम इस्त्रीखाली नव्या जागी बसतात. चुरगळलेला सदरा आणि कडक घडीचा सदरा एकच, असं म्हणणार का आपण?

साधं पाणीच घ्या. तमिळनाडूतल्या नेयवेलीचा लिग्नाइट खाणीतून निघतो तेव्हा जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. तो वाळवला की बारीक छिद्रं मिटतात, आणि पुन्हा भिजवला तरी पहिल्याइतकं पाणी घेत नाही.

अजून एक गाठ असते, कॅल्शियमची. दोन कार्बोक्सिल गटांमध्ये तो पूल बांधतो. आधी सौम्य आम्लाने धुऊन हे पूल काढले, तर तेच द्रावक जास्त भाग बाहेर काढतं.

आता गरम प्रक्रिया. दाबाखाली, ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास, मिथिलनॅफ्थॅलिनसारख्या द्रावकात कार्बोक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात, काही ऑक्सिजन पाण्याच्या रूपात जातो. कार्बनचं प्रमाण वाढतं. इथे सहसंयुज बंधच, म्हणजे रेणूतल्या अणूंना जोडणारे पक्के बंध, तुटतात. ४००च्या आसपास टेट्रालिन हे द्रावक वापरलं तर ते तुटलेल्या टोकांना हायड्रोजन देऊन स्वतः नॅफ्थॅलिन होतं, म्हणजे कपाटातली डांबरगोळी. द्रावकाचाच रेणू बदलतोय, त्याला अर्क उतरणं कसं म्हणायचं?

माझा खरा दोष हा की थंड आणि गरम या दोन्ही गोष्टी मी एकाच परिच्छेदात कोंबल्या, तापमान न लिहिता. आज रात्री त्या वेगळ्या करतो, लाइट राहिली तर.