दरवर्षी दहा टक्के कापा म्हणे! जुन्या सेडानचा भाव असा निघत नाही

‘जुनी सेडान घेताय? हा मेसेज जपून ठेवा, डीलर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ असा एक मजकूर सध्या आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो न वाचताच सोडून दिला असता. पण धाकट्या साळ्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘भाऊजी, याच्यात सारं लिवलं आहे. मंग टोकन देऊन टाकू का?’ तो एका मास्तरांची 2018 ची मारुतीची डिझेल डिझायर घ्यायला निघालाय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा मेसेज वाचणारा तो एकटा नाही.

मेसेजमधला मुख्य दावा असा: मालकाने गाडी घेतली तेव्हाच्या ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-नोंदणी-विमा धरूनच्या, किमतीतून दरवर्षी 10 टक्के कापा, उरेल तो योग्य भाव. ‘विमा कंपन्याही असंच करतात.’

दहा टक्के कशाचे? मूळ किमतीचे की उरलेल्या? ते लिहिलेलंच नाही. 9 लाखांची गाडी आठ वर्षांची झाली. मूळ किमतीचे दहा-दहा टक्के कापले तर 1 लाख 80 हजार उरतात. उरलेल्या रकमेचे कापत गेलात तर साधारण 3 लाख 87 हजार. गाडी तीच, सूत्र तेच, फरक दोन लाखांचा. घेणारा पहिला हिशेब धरणार, विकणारा दुसरा, आणि भांडण ठरलेलं.

आता विमा कंपन्या काय करतात ते. मोटार विम्याच्या टॅरिफमध्ये घसाऱ्याचा, म्हणजे वयाप्रमाणे किंमत किती कापायची याचा, तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत मेसेजचं गणित तक्त्याच्या आसपास जातं, एवढं मान्य करावं लागेल. पण पाच वर्षांच्या पुढे तक्ता संपतो. तिथून पुढची गाडी, आणि कंपनीने बंद केलेलं मॉडेल, यांची किंमत विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. मारुतीने डिझेल गाड्या एप्रिल 2020 मध्ये बंद केल्या. म्हणजे साळ्याची डिझायर दोन्ही बाजूंनी तक्त्याबाहेर.

दुसरं म्हणजे तक्ता ऑन-रोड किंमत धरतच नाही. पॉलिसी सुरू होताना कंपनीच्या यादीत त्या मॉडेलची जी किंमत असते ती धरतो. नोंदणी आणि विमा त्यातून वगळलेले असतात. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स आहे. मास्तरांनी तो भरला, आठ वर्षं रस्ता वापरला, आता त्या टॅक्सवरही साळ्याने भाव मोजायचा? आणि ‘तेव्हाची किंमत’ कशाला हवी? 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल सेडानवरचा कर सेससकट 29 टक्क्यांवरून 18 वर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव बसणारच. मास्तरांच्या जुन्या पावतीला हे कुठून कळणार?

मग भाव काढायचा कसा? आपल्या भागात त्याच सालची, तेच इंजिन, तेच व्हेरिएंट असलेली गाडी खरोखर कितीला गेली ते विचारायचं. जाहिरातीतला आकडा नाही, तो मागणीचा असतो. यवतमाळ, अमरावती, वर्धा, जिथे ओळख निघेल तिथे विचारायचं. मग गाडी घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत जो खर्च अंगावर येणार तो त्यातून वजा करायचा. समजा अशा गाड्या साडेचार लाखांना जातायत. चार टायर 20 हजार, बॅटरी 6, विमा 12, नावावर करायला धरून चाला 7. झाले 45 हजार. मग 4 लाख 5 हजारांच्या वर बोलायचं नाही.

टायर बदलायचेत हे कसं कळतं? टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, एवढं जुनं रबर आपल्याकडच्या मे महिन्यात भरवशाचं नाही. एसीही सकाळी सातला नाही, भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत लावून बघायचा. आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायची. डिझायरचं पोट जमिनीपासून 163 मिलिमीटरवर. पांदणीने शेतापर्यंत नेलेली सेडान खालून वेगळीच दिसते.

मेसेज म्हणतो, साठ हजार किलोमीटरच्या आतली असेल तर 50 हजार जास्त द्या. मीटर मागे फिरवून मिळतो, हे तालुक्यातलं पोरगंही सांगेल. मास्तरांना सोबत घेऊन सर्व्हिसिंगच्या नोंदी काढा, क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांचं रबर बघा. टॅक्सीच्या पिवळ्या पाटीची पांढरी झालेली नाही ना, तेही विचारा.

डिझेलला लाखभर जास्त द्या म्हणे. रोज नागपूर-अमरावती करणाऱ्याला द्यायला हरकत नाही. आठवड्यातून दोनदा बाजाराला जाणाऱ्याचा तो लाख लिटरमागच्या दहा-पंधरा रुपयांतून कधी निघायचा?

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो तो मुद्दा. मेसेज म्हणतो, ‘गाडी लगेच नावावर करू नका. मालकी बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म मालकाच्या सहीने घेऊन ठेवा. पुढे विकताना गाडी फर्स्ट ओनरच राहते.’

हे ज्याने लिहिलं त्याला हात जोडतो! मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कायदा क्षणभर बाजूला ठेवा, घडतं काय ते बघा. रात्री घरी येताना रोही (नीलगाय) आडवा आला आणि बोनेट चेंदलं. पॉलिसी मास्तरांच्या नावाची. दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी मात्र 14 दिवसांत पॉलिसी बदलून घ्यायचा अर्ज लागतो. तो नसेल तर क्लेम गेला. उद्या मास्तरच वारले तर त्या सह्यांचं काय लोणचं घालायचं? त्यांचे वारस नव्याने पैसे मागतील तेव्हा साळ्याच्या हातात असतील दोन कागद.

आणि मास्तरांनीही खूश होऊ नये. अशीच एक गाडी नावावर न होता हातोहात फिरली, अपघात झाला, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावर टाकली. गाडी विकून मोकळा झालो असं तो समजत होता. ‘फर्स्ट ओनर’च्या कौतुकापायी दोघांनी हा धोका घ्यायचा? पैसे द्यायचे ते नावावर करायचा अर्ज भरताना, आधी नाही. बँकेचा बोजा आणि ई-चलान त्याच दिवशी तपासायचे. मास्तरांचा नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची विम्यातली सूट, तोही भावात धरायचा नाही, तो त्यांच्याकडेच राहतो.

मेसेजमधल्या ‘दिल्लीची गाडी अर्ध्या किमतीत’ याबद्दल एवढंच: तिथे 10 वर्षांच्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून ती स्वस्त झाली. आपल्याकडे तशी अट नाही, हे खरं. पण इथे आणली की बारा महिन्यांत एमएच नंबर घ्यायचा, इथला टॅक्स भरायचा. तो भरल्यावर अर्धी किंमत अर्धी राहत नाही.

शेवटचा मुद्दा, ‘जुन्या गाडीवर आता 18 टक्के जीएसटी, तेवढे वाढवून द्या.’ तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला, तोही त्याच्या नफ्यावर. घरगुती व्यवहारात तो येतच नाही. साडेचार लाखांचे 18 टक्के म्हणजे 81 हजार. मास्तर ते कोणत्या खात्यात भरणार आहेत, हे साळ्याने त्यांनाच विचारावं.