शिक्षक प्रशिक्षणाला का वैतागतात?

“शिक्षकांना नवीन काही शिकायलाच नको असतं,” असं हल्ली कुणीही सहज बोलून जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी म्हणून मला हे साफ अमान्य आहे.

आमच्याकडे १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी, म्हणजे त्याहून वरची वेतनश्रेणी, असते. पण त्यासाठी ठरलेल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. हक्काचा पगार कागदावर अडला की माणूस आधी कागदाच्याच मागे लागणार. असंच एक ऑनलाइन प्रशिक्षण चालू असतानाचं चित्र सांगते. ऑफिसात मोबाइल चार्जिंगला लावलेला, त्यावर आवाज बंद करून व्हिडिओ चाललेला, आणि बाई वर्गात पाचवीला भागाकार शिकवताहेत. चाचणीची उत्तरं ग्रुपवर आधीच फिरलेली. वरून रोज एकच निरोप: केंद्राचं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचं, काम किती टक्के झालं, आजच्या आज कळवा. यातलं वर्गात काय वापरलंत, हे कुणीच विचारलं नाही. त्या बाईंना मी कामचुकार म्हणणार नाही. समोर मुलं बसलेली असताना त्या मुलांकडे गेल्या.

आता हेच शिक्षक कुमठ्याला कसे गेले ते आठवा. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात, शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून बघत शिकतं हा विचार, वर्गात उतरवला होता. फरशीवर रंगवलेले तक्ते, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, गटागटाने बसलेली मुलं. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, कितीतरी जण पदरमोड करून. कारण तिथे आपल्यासारख्याच पहिलीच्या वर्गाला शिकवणारं माणूस भेटत होतं. ‘पंचवीस’ सांगितलं की ५२ लिहिणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता, असं त्याला थेट विचारता येत होतं.

पुढे २०१५मध्ये राज्य सरकारचं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हे अभियान आलं आणि गावोगावच्या फरशा रंगल्या. काही शाळांत चांगलं काम उभं राहिलं. काही ठिकाणी मात्र फक्त फरशाच रंगल्या, कारण भेटीला आलेल्या साहेबांना फरशी लगेच दिसते. काड्या मोजताना मूल नेमकं कुठे अडतं, हे बघायला वर्गात तासभर बसावं लागतं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. वेतनश्रेणी सेवेवर द्या, प्रशिक्षणाला बांधू नका. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, परिपत्रकं वाचण्यात जाणारा वेळ एखाद्या शिक्षकाला आपला फसलेला पाठ मांडायला द्या, आणि तो फसला म्हणून त्याच्याकडून खुलासा मागू नका. वर्षातून दोन दिवस दुसऱ्याच्या वर्गात बसायला जाऊ द्या, ऑन ड्युटी आणि प्रवासखर्चासह.

तोवर आपण आपलं सुरू करू. जवळच्या कुणाला यायचं असेल तर मुख्याध्यापकांना विचारून माझ्या वर्गात या. दुसरीची हातच्याची वजाबाकी चालू आहे आणि निम्मी मुलं अडली आहेत. तुम्ही ती कशी घेता, ते मला बघायचंय.