युरोव्हिजनमध्ये ज्याने त्याने आपल्याच भाषेत गावे

आज दुपारी जेवताना एक सहकारी सहज म्हणून गेला की, युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेतली सगळी गाणी इंग्रजीतच असावीत, म्हणजे मत देणाऱ्यांना ती कळतील. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

२०१७ साली मी लिस्बनमध्ये एका वृद्ध बाईंच्या घरी भाड्याने राहत होतो. त्या मे महिन्यात कीव्हमध्ये साल्व्हादोर सोब्राल, ना नर्तक ना आगीचे फवारे, प्रेक्षकांच्या मधोमध एकटा उभा राहून बहिणीने रचलेले गाणे पोर्तुगीजमध्ये गायला, आणि १९६४ पासून रिकाम्या हाताने परतणारा पोर्तुगाल ७५८ गुण मिळवून पहिल्यांदा जिंकला. बाई खिडकी उघडून शेजारणींना हाका मारत होत्या. मत देणाऱ्या युरोपातल्या किती जणांना पोर्तुगीज येत होते?

आपापल्या भाषेत गाण्याचा नियम १९६६ मध्ये झाला आणि मधली काही वर्षे वगळता १९९८ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी तो रद्द झाला, वाद्यवृंदही गेला, आणि १९८४ व १९९१ मध्ये स्वीडिश गाण्यांनी जिंकलेला स्वीडन वर्षानुवर्षे इंग्रजीत गात राहिला. याला प्रगती म्हणायचे?

इंग्रजी ही आपलीच भाषा असल्याने नियमाचा फायदा आयर्लंडला मिळाला, हे मान्य. नियम शिथिल असतानाच १९७४ मध्ये ब्रायटनला ‘अ‍ॅबा’ हा स्वीडिश गट इंग्रजीत गाऊन जिंकला, हेही मान्य. पण त्याच रात्री पोर्तुगालचे गाणे अवघ्या ३ गुणांसह संयुक्तपणे शेवटच्या क्रमांकावर आले होते, आणि तेच गाणे २४ एप्रिलच्या रात्री लिस्बनच्या रेडिओवर बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांसाठी पहिला इशारा म्हणून वाजले. दुसऱ्या दिवशी, १९६१ पर्यंत गोवा दाबून ठेवणारी पोर्तुगालची हुकूमशाही राजवट कोसळली. सोब्राल जिंकला त्या रात्री बाईंनी ते जुने गाणेही मला म्हणून दाखवले. प्रत्येक ओळ त्यांना पाठ होती, आणि आवाज कापत असूनही त्या मध्येच थांबल्या नाहीत.

सहकाऱ्यावर आता राग नाही. त्याने असे काही ऐकलेच नसेल. राग आहे तो, हे सगळे ठाऊक असूनही स्वस्थ बसलेल्या आयोजकांवर. २०२५ मध्ये बाझेलला स्वीडन १९९८ नंतर प्रथमच स्वीडिशमध्ये गायला आणि चौथा आला. स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने तो जुना नियम पुन्हा लागू करावा, आणि लवकर करावा.