भिंत विका, खिडकी विकू नका

माझ्या रोजच्या बसमध्ये डावीकडच्या चौथ्या खिडकीवर कोणीतरी नखाने एक भोक पाडलंय. काचेला नाही, काचेवर चिकटवलेल्या जाहिरातीच्या फिल्मला. शर्टाच्या बटणाएवढं असेल. फिल्म काचेच्या बाहेरून लावतात. म्हणजे ज्याने कोणी हे केलं, त्याने सरकती काच उघडून, हात बाहेर काढून, उलटा वाकवून, अंदाजाने खरवडलंय. एका बैठकीत होणारं काम नाही हे. बाहेरून बघितलं तर भोक बरोबर एका हसऱ्या बाईच्या पुढच्या दातात येतं.

मी शक्यतो तीच सीट पकडतो.

ज्यांनी ही फिल्म आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्यवसायात तिला 'वन वे व्हिजन' म्हणतात. सगळीकडे बारीक बारीक भोकं असलेलं व्हिनाइल. बाहेरच्या बाजूला चित्र छापलेलं, आतली बाजू काळी. दिवसा बाहेर उजेड आणि आत त्या मानाने अंधार असतो, त्यामुळे बाहेरच्याला चित्र दिसतं आणि आतल्याला चित्राच्या पलीकडचं जग दिसतं. निदान विकणारा असं सांगतो. पण अर्ध्याच्या आसपास जागा भोकांची आणि उरलेली काळ्या व्हिनाइलची, म्हणजे 'दिसतं' याचा अर्थ चाळणीतून दिसतं. संध्याकाळी बसमधले दिवे लागले की हिशोब उलटतो आणि काचेत आपलंच तोंड दिसायला लागतं. पाऊस आला की भोकाभोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो. मग बाहेर दुकान आहे, झाड आहे की दुसरी बस, काही कळत नाही. नुसते रंग सरकत असतात.

अशाच एका पावसाळी संध्याकाळी मी दोन थांबे पुढे गेलो. कंडक्टरला म्हटलं, अहो, काही दिसेना बाहेरचं. तो म्हणाला, "मला तरी कुठे दिसतंय? मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या काचेतून बघतो."

बसवरच्या जाहिरातींचे नियम म्हटलं की चर्चा लगेच जाहिरातीत काय आहे इकडे वळते. उघडे देह, दारू, देव, पुढारी. ती चर्चा करूच. पण त्याआधीचा प्रश्न जाहिरात कुठे आहे हा आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. मला विचाराल तर नियमांचं पहिलं पान चित्रांबद्दल नसावंच. ते पत्र्याबद्दल आणि काचेबद्दल असावं. खिडकीच्या खालच्या कडेपासून खालचा पत्रा भाड्याने द्या, मागचा पत्राही द्या. काच देऊ नका. अर्धी नको, 'फक्त मागच्या तीन खिडक्या' नकोत. बसचा क्रमांक, मार्गाची पाटी, वळण्याचे दिवे, संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीवरच्या सूचना, यांच्या आसपास हातभर जागा मोकळी. एवढं तरी कोणत्याही करारात न बोलता असायला हवं.

यावर उत्तर ठरलेलं आहे: पूर्ण बस गुंडाळली की जास्त पैसे मिळतात. मिळणारच. खिडकी रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेच्या रेषेत येते म्हणून तर ती महाग विकली जाते. पण ती महाग आहे तशीच ती कोणाची तरी आहे. तिकीट काढून बसलेल्या माणसाने फक्त सीटचे पैसे दिलेले नसतात.

दुसऱ्या टोकाला केरळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडक्कनचेरीजवळ सहलीची एक बस केएसआरटीसीच्या, म्हणजे केरळच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, बसवर मागून आदळली आणि नऊ जण गेले. त्यानंतर वाहनांवरच्या झगमगाटाची सुनावणी हायकोर्टात सुरू झाली आणि तिच्या ओघात केएसआरटीसीच्या बसवरच्या जाहिरातींवरही बंदी आली. रस्त्यावरच्या इतर चालकांचं लक्ष विचलित होतं हे कारण. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. माझं मत: हलणारी, लुकलुकणारी चित्रं असतील तर बंदी योग्यच, चालत्या वाहनावर पडदे नकोत. पण छापील, स्थिर चित्र मागच्या पत्र्यावर असेल तर ते रस्त्याकडेच्या होर्डिंगपेक्षा जास्त घातक कसं, हे मला पटत नाही. होर्डिंग ठेवायचं आणि बस पुसायची, हा उपाय कमाई बुडवतो आणि लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी जागेवरच ठेवतो.

आता मजकुराकडे. इथे मला एका जुन्या खटल्याचं फार वेड आहे.

वॉशिंग्टनमध्ये १९४० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या ट्राम आणि बस चालवणाऱ्या कंपनीने गाड्यांमध्ये लाउडस्पीकर लावून रेडिओ सुरू केला. बहुतेक संगीत, मधूनमधून निवेदनं आणि जाहिराती. दोन प्रवासी वैतागून कोर्टात गेले आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. १९५२ साली प्रवासी हरले. गंमत पुढे आहे. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर या खटल्यातून बाजूला झाले. कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: या प्रकाराचा मीही एक बळी आहे, माझ्या भावना इतक्या तीव्र आहेत की मी निवाड्यात भाग न घेतलेलाच बरा. सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश, आणि त्यालाही ट्राममधला भोंगा बंद करता आला नाही! पूर्णपणे विरोधात मत दिलं ते एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं: कामावर जायला दुसरा मार्ग नाही म्हणून जो गाडीत बसलाय, तो अडकलेला श्रोता आहे. रस्त्यावरचा माणूस पुढे चालू लागेल, घरातला माणूस रेडिओ बंद करेल, हा काय करणार?

बावीस वर्षांनी तेच डग्लस पुन्हा. ओहायोतल्या शेकर हाइट्स गावच्या ट्राममध्ये निवडणुकीला उभा असलेल्या एका उमेदवाराला जाहिरात लावायची होती. जागा रिकामी होती, पैसे द्यायला तो तयार होता. पालिकेचं धोरण राजकीय जाहिरात न घेण्याचं. १९७४ साली निकाल पालिकेच्या बाजूने लागला, पाच विरुद्ध चार. चार न्यायमूर्तींचं एक मत होतं आणि पाचवं, निर्णायक मत डग्लस यांचं, वेगळ्या कारणाने. कारण तेच: आत बसलेला माणूस अडकलेला आहे, त्याच्यावर कोणी मतं लादू नयेत.

मला डग्लस पटतात. पण त्याच ट्राममध्ये सिगारेटच्या, दारूच्या कंपन्यांच्या जाहिराती चालत होत्या. म्हणजे अडकलेल्या माणसाला सिगारेट दाखवलेली चालते, मत मागितलेलं चालत नाही. प्रवासी अडकलेला आहे हे एकदा मान्य केलं की ते सगळ्यांना लावा ना.

आणि हे सगळं गाडीच्या आतलं. बाहेरचं काय? त्यासाठी कॅनडाचा २००९ चा निकाल बघा. ब्रिटिश कोलंबियात विद्यार्थी महासंघाला आणि शिक्षक संघटनेला २००५ च्या प्रांतिक निवडणुकीच्या आधी बसच्या बाजूंवर जाहिराती लावायच्या होत्या. परिवहन संस्थांनी 'राजकीय नको' म्हणून नकार दिला. सुप्रीम कोर्टाने तो नकार घटनाविरोधी ठरवला. बसची बाहेरची बाजू ही रस्त्यासारखी सार्वजनिक जागा आहे, तिथे बोलणं लोकांना अपेक्षितच असतं, राजकीय म्हणून सरसकट दार बंद करता येणार नाही.

शेकर हाइट्सचा आणि कॅनडाचा, हे दोन निकाल लोक एकमेकांविरुद्ध मांडतात. देश वेगळे, घटना वेगळ्या, हे खरंच. पण मला तर ते एकाच बसच्या दोन बाजू वाटतात. आतली बाजू प्रवाशाची, तिथे कडक नियम: आवाज नाही, हलतं चित्र नाही, मोजक्याच चौकटी. बाहेरची बाजू रस्त्याची, तिथे मोकळीक जास्त. माझ्या नजरेला आलेल्या बहुतेक नियमावल्या 'बस' असा एकच शब्द लिहून मोकळ्या होतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सरसकट बंदीचं पुढे काय होतं तेही पाहिलंय आपण. वादग्रस्त जाहिरातींवरून कोर्टकचेऱ्या झाल्यावर न्यूयॉर्कच्या एमटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेने एप्रिल २०१५ मध्ये राजकीय जाहिराती बंद केल्या, त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या बस आणि रेल्वे चालवणाऱ्या मेट्रोनेही मतप्रचाराची दारं लावून घेतली, धर्माच्या प्रचारासह. २०१७ च्या नाताळात तिथल्या कॅथलिक आर्चडायोसीसची (धर्मप्रांताची) जाहिरात नाकारली गेली. तारे, मेंढपाळ आणि 'परिपूर्ण भेट शोधा' अशा अर्थाची ओळ. कोर्टात मेट्रो जिंकली. पण बघा, त्याच मोसमात एखाद्या दुकानाने 'परिपूर्ण भेट आमच्याकडे' म्हटलं असतं तर ती जाहिरात बिनबोभाट लागली असती. विकत घे म्हणायला परवानगी, विश्वास ठेव म्हणायला बंदी. मी काही धार्मिक माणूस नाही, तरी ही रेघ मला विचित्र वाटते.

धर्माचं निघालंच आहे तर लंडनची ती २००९ ची नास्तिक मोहीम. 'देव बहुधा नाहीच. तेव्हा काळजी सोडा आणि मजेत जगा', असं लिहिलेल्या शेकडो बस ब्रिटनभर फिरल्या. जाहिरात नियामकाकडे तक्रारींचा ढीग पडला, त्यांनी नियमभंग मानला नाही. मला त्यातला लक्षात राहिलेला माणूस म्हणजे साउथॅम्प्टनचा एक बस ड्रायव्हर. त्याने ती बस चालवायला नकार दिला. त्याचा हट्ट मला मान्य नाही, पण एक खरं आहे: प्रवाशाला ती ओळ दोन मिनिटं दिसते, ड्रायव्हर तिला आठ तास घेऊन फिरतो. नियम करणाऱ्या समितीवर निदान एक ड्रायव्हर किंवा कंडक्टर असावा, असं कोणाला वाटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

मग मजकुराची रेघ मारायची कशी? माझ्या मते मोजता येईल अशी. लंडनमध्ये २५ फेब्रुवारी २०१९ पासून टीएफएल या तिथल्या परिवहन संस्थेच्या सगळ्या गाड्यांवर आणि स्थानकांवर जास्त साखर, मीठ, चरबीच्या खाण्याच्या जाहिराती बंद आहेत. काय जास्त आणि काय कमी, याचा निवाडा पोषणमूल्यांच्या गुणांवर होतो. त्याची टिंगलही भरपूर झाली. किराणा पोचवणाऱ्या एका कंपनीच्या चित्रात बेकन, लोणी, अंडी, जॅम दिसत होतं म्हणून चित्र कापावं लागलं. हसू येतं, कबूल. पण पट्टी हातात होती, नकार कशामुळे हे कंपनीला दाखवता आलं. पुढे २०२२ मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला की बंदी नसती त्या मानाने दर घरामागे आठवड्याला अशा खाण्याची सुमारे १००० किलोकॅलरी कमी खरेदी झाली. आकड्यावर वाद घालता येईल. 'सभ्यतेला धरून नाही' या शब्दांवर मात्र वादही घालता येत नाही, कारण त्यांची पट्टी फक्त त्या खुर्चीवरच्या साहेबाच्या खिशात असते.

त्याच लंडनमध्ये २०१२ साली समलिंगी लोकांबद्दलची एक आक्षेपार्ह जाहिरात बसवर लागण्याआधी थांबवली गेली. दुसऱ्या वर्षी हायकोर्टाने बंदी कायदेशीर ठरवली, आणि त्याच दमात हेही सुनावलं की निर्णय ज्या पद्धतीने घेतला ती पद्धत अन्यायाची आणि स्वतःच्याच नियमांना सोडून होती. म्हणजे बरोबर गोष्ट चुकीच्या रीतीने केली. नियम लेखी, नकाराचं कारण लेखी, आणि दाद मागायला खुर्ची बदललेली. बाकी काही नको मला.

बसथांब्यांची गोष्ट वेगळीच आहे. १९६४ मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात जाँ-क्लोद दको या गृहस्थाने सौदा मांडला: मी शहराला बसचे निवारे फुकट देतो, देखभालही करतो, मला त्यावर जाहिराती लावू द्या. हा सौदा जगभर पसरला. साओ पाउलोने २००७ मध्ये रस्त्यावरची होर्डिंगं झाडून काढली, पण काही वर्षांनी जाहिरात परत आली ती बसथांब्याच्या आडोशानेच. सौदा वाईट नाही. छप्पर मिळतं. फक्त छप्पर कुठे उभं राहतं हे बघत चला. जाहिरातवाल्याला गाड्यांची गर्दी हवी, प्रवाशाला उन्हापावसात सावली हवी, आणि या दोन जागा दर वेळी एक नसतात. करारात 'वर्दळीच्या दहा थांब्यांमागे आडबाजूचे इतके' अशी अट घातली नसेल तर आडबाजूला खांब आणि पाटी यापलीकडे काही उगवत नाही.

मी जिथे उभा राहतो तो थांबा छान आहे, काचेचा. जाहिरातीच्या चौकटीला मागून दिवा आहे, रात्रभर जळतो. वेळापत्रक शेजारच्या खांबावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाणी शिरून निळं झालेलं. बसची वेळ बघायला लोक मोबाइलचा टॉर्च लावतात आणि शॅम्पूच्या बाटलीचा उजेड पाठीवर घेऊन उभे राहतात. दिवा आधी वेळापत्रकाला, उरला तर जाहिरातीला, एवढी एक ओळ कोणी करारात टाकली तर मी त्याला हार घालायला जाईन.

जाता जाता आणखी एक कलम सुचवतो: मुदत संपल्यावर फिल्म कोण काढणार? माझ्या बसवरच्या त्या हसऱ्या बाईचा सेल कधीच संपला. तारीख तिच्या खांद्यापाशी छापलेली आहे, मी रोज चढताना वाचतो. पैसे थांबले असणार, फिल्म तशीच. उन्हाने कडा सुटल्यात, मधला भाग काचेला भाजल्यासारखा चिकटलाय. अनामत रक्कम घ्या आणि काच स्वच्छ झाल्यावरच परत द्या, सोपं आहे.

तुम्ही ज्या बसने जाता तिच्या काचेवर काय आहे ते उद्या बघा आणि इथे फोटो टाका. आतून काढलेला. बाहेरून काढलेले फोटो जाहिरात कंपनीकडे आहेतच.